उन्हाचा हमीभाव

मी वीजखात्यात होतो. नोकरीची बहुतेक वर्षं धुळे जिल्ह्यात गेली आणि त्यातली बरीचशी लोकांच्या शिव्या खाण्यात. भारनियमनाचे दिवस होते. लाइट बंद करायचा हुकूम वरून यायचा, पण वरचा साहेब कुणाला दिसायचा नाही, मी दिसायचो. शिंदखेड्याला असताना एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसलो होतो आणि नेमकी लाइट गेली. सगळी पंगत वळून माझ्याकडे बघायला लागली, जसा काही मी येताना बटण दाबून आलो होतो. नवरीचा मामा वाढता वाढता म्हणाला, "साहेब, निदान बट्टी तरी गिळू द्यायची." लोक हसले. मी त्या अंधारात भराभर जेवलो आणि अहेर देऊन निघालो.

हे एवढ्यासाठी सांगतो, की माणसाला वीज नाकारणं हेच ज्याचं काम होतं, त्याच्या कानावर एके दिवशी काय पडावं! मुलगा जर्मनीहून फोनवर म्हणाला, "पप्पा, इथं आपल्या छपरावरची वीज सरकार आपल्याला विकू देतं. म्हणजे आपण ग्रिडला द्यायची आणि त्यांनी पैसे द्यायचे. भाव वीस वर्षांसाठी बांधून मिळतो." मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा लावलं. मला राग जसा झटकन येतो तसा आनंदही, आणि दोन्ही लपवता येत नाहीत.

मुलगा तिकडं शिकायला गेला होता. शिकून झाल्यावर म्हणाला, जरा अनुभव घेतो आणि येतो. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. मग लग्न झालं, सून तिकडं गेली, तिलाही नोकरी मिळाली, नात झाली. नंतर त्यांनी एका छोट्या गावात घर घेतलं. "भाडं फुकट जातं पप्पा. येताना विकून टाकू," असं तो म्हणाला, आणि मला ते पटलं. हिशेबाला धरून असलेली कुठलीही गोष्ट मला पटते, हा माझा स्वभाव. इकडं जळगावला निवृत्तीच्या आधीच मी घरावर दुसरा मजला चढवून ठेवला होता, स्वतंत्र जिना, स्वतंत्र स्वयंपाकघर. सुनेला सासू-सासऱ्यांचा जाच नको, असं मी सगळ्यांना सांगायचो. प्रत्यक्षात ती जागा रिकामी होती आणि रिकाम्या जागेत कसला जाच.

तर तो भाव. त्या विषयानं मला पार झपाटलं. मुलगा तिकडच्या नियमांचे दुवे पाठवायचा, मी मोबाइलवर त्यांचं मराठी करून वाचायचो. ते मराठी असं असायचं की कधी कधी जर्मनच बरं वाटावं, पण वीज ही माझी बोली आहे, मला अर्थ लागायचा. महिन्याभरात मी जर्मनीच्या धोरणावर मुलापेक्षा जास्त बोलायला लागलो.

सकाळी फिरून आल्यावर आमच्या कॉलनीच्या मैदानापाशी बाकावर आम्ही काही म्हातारे बसतो. त्यात सावद्याचे एक केळीचे व्यापारी आहेत. धंदा मुलाच्या हाती देऊन जळगावला राहायला आलेत. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. मी त्यांना समजावून सांगितलं, "ज्या दिवशी तुमची यंत्रणा सुरू झाली, त्या दिवशीचा भाव तुमचा. पुढं सरकार नव्या लोकांना भाव उतरवत जातं, पण तुमच्याला हात लावत नाही. वीस वर्षं तोच."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "काय सांगी राह्यले? उन्हाले हमीभाव?"

"हो."

"अन् आमच्या केळीले सकाळी बोर्डावर एक भाव लागतो, ट्रक भरेपर्यंत दुसरा होतो." मग ते पुढं म्हणाले, "तिकडं ऊन लई असेल."

मी म्हणालो, तीच तर गंमत. हिवाळ्यात तिथं दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. सून सांगते, एखाद दिवशी ऊन पडलं की माणसं हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहतात. आणि आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, माणसं डोक्याला उपरणं गुंडाळून चोरासारखी फिरतात. ज्यांच्याकडे नाही त्यांनी त्याचा भाव बांधला, आणि ज्यांच्या डोक्यावर ते ओतलं जातं ते सावली शोधतात. भाऊ म्हणाले, "असंच असते. सावद्यात केळीचं कौतुक कोन करते?"

मी तिथलं धोरण सांगताना सगळं सांगायचो. घरावरच्या पॅनलला तिथं विक्रीकर माफ आहे, भाड्यानं राहणारा माणूससुद्धा गॅलरीच्या कठड्याला छोटं पॅनल टांगू शकतो आणि घरमालकाला उगाच आडकाठी करता येत नाही. आणि आता तर तिथं इतकी पॅनल झालीत की कडक ऊन पडलं की दुपारी वीज घ्यायला कुणी नसतं आणि बाजारात तिचा भाव शून्याच्या खाली जातो. हे ऐकून बाकावरचे सगळे हसायला लागले. वीज घ्या आणि वर पैसेही घ्या! मला शिंदखेड्याची ती पंगत आठवली आणि मीही हसलो.

खरं सांगायचं तर मला धोरणाचं एवढं प्रेम नव्हतं. वर्षानुवर्षं रविवारचा फोन म्हणजे "बरा आहेस का", "बरा आहे", "थंडी आहे का", "आहे", आणि मग मी फोन त्याच्या आईकडे द्यायचो. त्याची यंत्रं मला कळत नाहीत आणि माझं रक्तदाबाचं पुराण त्याला ऐकवत नाही. आता एकदम आमच्यात बोलायला काहीतरी आलं. छपराची दिशा कुठली, उतार किती, शेजारच्या झाडाची सावली कधी पडते, मी विचारायचो आणि तो छपराचे फोटो काढून पाठवायचा. त्याची आई मागून खुणा करायची, मला दे, मला दे. मी हातानं थांब म्हणायचो. त्या काही महिन्यांत मुलगा मला परत मिळाला असंच मला वाटत होतं. ते सुख खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पॅनल लावायचं मात्र त्याचं ठरत नव्हतं. आज बघतो, उद्या बघतो. मला वाटायचं, पैशाचा विचार करत असेल.

त्याच्याआधी मीच लावून मोकळा झालो. आपल्याकडेही आता घराच्या छतावरच्या सौर यंत्रणेला अनुदान मिळतं. इथं वेगळी रीत आहे, तिथल्यासारखा भाव बांधून देत नाहीत, लावतानाच हातभार लावतात आणि पुढं आपली वीज बिलातून वजा होत जाते. ज्या तरुण मुलीनं आमच्या छताची मापं घेतली ती इंजिनिअर होती. तिनं आमची जुनी बिलं पाहिली आणि म्हणाली, "काका, तुम्हा दोघांना एवढी मोठी लागणार नाही. अनुदानही एका मर्यादेच्या वर वाढत नाही."

मी म्हणालो, "बाळ, लोडचा हिशेब काढण्यात माझी हयात गेली. तू फक्त जोडून दे."

आता मी लोड कसा काढला ते सांगतो, कारण ही चूक खानदेशातलाच माणूस करू जाणे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. कुणी सुरतेला असो, पुण्याला असो, त्याची मूठ पडतेच. माणूस कुठं राहतो याला कानबाईच्या दरबारात किंमत नाही, तो घरचा आहे एवढं पुरे. आमची सौभाग्यवती नातीच्या नावानंही घेते. कानबाई बाईच आहे, तिला चालेल, असं तिचं म्हणणं. रोट भावकीबाहेर कुणाला देत नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. भावकी आता गावोगाव पांगली. तेव्हा जर्मनीवाल्यांच्या वाट्याचेही आम्ही दोघंच खातो, दुधात कुस्करून, शिळे झाले तरी.

मी लोड असाच काढला. खाली आम्हा दोघांचे पंखे, फ्रिज आणि मोटर. वर दोन एसी, कारण थंड देशातली पोर, तिला आमचा उन्हाळा सोसायचा नाही. गिझर. कपड्यांचं मशीन. सुनेचा केक भाजायचा ओव्हन. सगळ्यांच्या नावानं मूठ घातली आणि बेरीज केली. आयुष्यभर दुसऱ्यांना "मंजूर भार प्रत्यक्ष वापरावर काढायचा असतो" असं बजावणारा मी, स्वतःच्या घराचा भार आशेवर काढून बसलो.

मग व्हायचं तेच झालं. आमचं छत दिवसभर वीज करतं आणि आमच्यानं ती संपत नाही. उरलेले युनिट महिन्यामागून महिने पुढं सरकतात आणि आर्थिक वर्ष संपलं की त्यांना नाममात्र भाव लावून पाटी कोरी होते. वरचे एसी प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून बसलेत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. बायकोनं एकदा छतावर कपडे वाळत घालता घालता विचारलं, "इतली लाइट कोनासाठे?" मी म्हणालो, "येतील तेव्हा लागेल." तिनं बादली उचलली आणि खाली गेली.

तिची शाळा सातवीपर्यंतच झाली. ती धुळ्याकडची, घरात माझ्याशी अहिराणीच बोलते. धोरणाबिरणात तिनं कधी लक्ष घातलं नव्हतं. एका रविवारी फोन झाल्यावर मी त्याच्या छपराचं चित्र काढत बसलो होतो आणि ती तूरडाळ निवडत होती. ताटावरून नजर न काढता तिनं विचारलं, "वीस वरीस भाव बांधी देतस म्हने?"

"हो."

"मंग तो वीस वरीस तठेज राही का?"

मी तिच्यावर भडकलो. तुला यातलं काय कळतं, हे धोरण आहे, हे अमुक, ते तमुक, बरंच बोललो. ती डाळ निवडत राहिली. माझा आवाज जितका चढला तितकं मला कळत गेलं की मुलगा वीस वर्षं तिथंच राहणार का, याचं उत्तर मी देत नाहीये. तिथून उठलो, बाहेर येऊन बसलो आणि माझ्या वयात वीस मिळवून पाहिले. मग तिच्या वयात मिळवून पाहिले.

एवढे दिवस तो आकडा मी बाकावर मिरवत होतो. भाऊंना सांगत होतो, सकाळच्या पोह्यांच्या गाडीवर सांगत होतो, दाढी करणाऱ्यालासुद्धा सांगितला होता. आणि तो आकडा माझ्या घराबद्दल काय म्हणतोय हे बायकोनं डाळ निवडता निवडता ऐकलं.

पण मीही हार मानणारा नव्हे. दोन-तीन दिवस मोबाइल घेऊन बसलो आणि मला हवं ते सापडलं. तिथं तो भाव यंत्रणेला दिलेला असतो. घर विकलं तर उरलेली वर्षं नव्या मालकाला मिळतात. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. "ऐक, भाव माणसाला बांधलेला नाही, छपराला बांधलेला आहे! तो उद्या घर विकून आला तरी काही बिघडत नाही. घेणारा उलट दोन पैसे जास्त देईल."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आस्सं?"

"मग? नियमच आहे तसा."

"मंग आपला पोऱ्याले तठे कोनी बांधी ठेयेल शे?"

याचा नियम मला कुठं सापडणार होता? कुणीच बांधून ठेवलं नव्हतं. मला एकेक आठवायला लागलं. "येताना विकून टाकू" हे वाक्य तो केव्हापासून म्हणेनासा झाला, ते आठवेना. नात तिथल्या शाळेत जायला लागली होती आणि आमच्याशी मराठी बोलताना मध्येच अडून बापाच्या तोंडाकडे बघायची. सुनेला बढती मिळाली होती. त्यांनी परसात सफरचंदाचं झाड लावलं होतं आणि त्याला फळ यायला अजून काही वर्षं जातील असं तोच कौतुकानं सांगत होता. मी ते सगळं ऐकलं होतं, फक्त त्यातली छपरावर सावली पडेल का तेवढीच गोष्ट लक्षात ठेवली होती. मला त्याचा राग आला, सुनेचा आला, त्या सरकारचाही आला. लोकांना इतकं चांगलं का वागवायचं की ते परत जायचं नावच काढणार नाहीत! मग हसूही आलं, कारण असा राग धरणारा वीजखात्याचा माणूस मी एकटाच असेन.

त्यानंतरचे रविवार अवघड गेले. मी पॅनलचा विषय काढेना, तोही काढेना. थंडी आहे का? आहे.

मग एकदा कामाच्या दिवशी, आमच्याकडे दुपार व्हायच्या सुमाराला, त्याचा फोन आला. रविवार सोडून तो कधी फोन करत नाही. "काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही पप्पा. तो पॅनलवाला आज सही मागतोय. त्याच्याकडे रांग लागलीय. आज नाही केली तर आपला नंबर फार लांब जाईल."

रांग का लागली, ते मला माहीत होतं. नव्या घरांना असा भाव बांधून देणं बंद करावं का, यावर तिथं बोलणं चाललं होतं. सगळ्यांनाच त्याच्या आत छप्पर झाकून घ्यायची घाई झाली होती.

"मग? तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "तुम्हाला यातलं जास्त कळतं."

त्याच्या मागं मोटारींचा आवाज येत होता, तो बहुतेक ऑफिसच्या वाटेवर थांबून बोलत होता. हिशेब तर त्यानं कधीच करून ठेवला होता. भाव त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. तो मला भावाचं विचारत नव्हता. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, पिठाचे हात तसेच, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नको लावूस. विक ते घर आणि ये इकडं. सगळं तयार आहे," एवढं म्हणायचं होतं. माझ्या ओठांवर होतं ते. पण मी म्हणालो असतो तर काय झालं असतं? लहानपणापासून त्यानं माझा शब्द मोडलेला नाही. त्यानं सही केली नसती. आणि तो आलाही नसता. तिथंच राहिला असता, पॅनलशिवाय, आणि दर रविवारी फोन करताना मनाची तयारी करून करत बसला असता. मी नको म्हटल्यानं त्याच्या छपरावरचं काहीतरी कमी झालं असतं, माझ्या घरातलं वाढलं काहीच नसतं.

"दक्षिणेकडची बाजू सगळी मोकळी आहे ना?" मी विचारलं.

"हो."

"मग लाव. कसली वाट बघतोस? कर सही."

तेव्हा त्यानं श्वास सोडला. लांब, सुटल्यासारखा. हजारो मैलांवरून तो मला स्पष्ट ऐकू आला. "मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात लहानपणी सहलीची परवानगी मिळाल्यावर असायचा तसा हलकेपणा होता. मी त्याला सांगितलं, इन्व्हर्टर थंड जागी लाव, उन्हात नको. तो हसून म्हणाला, पप्पा, इथं थंड जागेला तोटा नाही. मीही हसलो. मग त्याला उशीर होत होता, त्यानं फोन ठेवला.

मी तसाच बसून राहिलो. मला फार वाईट वाटत होतं. वीज नाकारताना लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तेव्हासुद्धा इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"काय म्हने?" बायकोनं विचारलं.

"आज सही करतोय."

ती माझ्याशेजारी येऊन बसली. हाताचं पीठ बोटांनी काढत राहिली. मग म्हणाली, "त्यानी तुमले इचारं, का नुसतं सांगं?"

"विचारलं," मी म्हणालो. "तुम्ही सांगाल तसं करतो म्हणाला."

"मंग बरं शे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं, आणि ती उरलेल्या भाकरी करायला आत गेली. त्यानं सोडलेल्या श्वासाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.